आत्याचा जांभळा दिवा

आमच्या आत्याला कमी ऐकू येतं असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला निवडक ऐकू येतं. "आत्या, गॅस बंद केलास का?" हे तिला घसा फोडून विचारावं लागतं. पण वहिनी स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून माझ्या कानाशी "आता वय झालं हो त्यांचं" असं पुटपुटली, की बाहेरच्या खोलीतून तोफ धडाडते, "कुणाचं?"

वहिनी म्हणजे माझ्या आतेभावाची बायको, आत्याची सून. आतेभाऊ माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दादा विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात आहे. त्या खात्यात माणूस फार वर्षं राहिला, की त्याला जगात दोनच गोष्टी दिसायला लागतात: झालेले अपघात आणि व्हायचे राहिलेले अपघात. लहान मूल घसरगुंडीवर चढलं की आपल्याला मूल दिसतं, दादाला प्लास्टर दिसतं. माणूस सोन्यासारखा. पण त्याच्याबरोबर साधा चहा प्यायला बसलं, तरी बोलता बोलता तो आपला कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवून ठेवतो.

नियतीलाही विनोदाची आवड असावी. अशा माणसाची आई सत्तरी ओलांडल्यावरही गाडी चालवते. आणि गाडी कुठली, तर आत्याने नोकरीत असताना घेतलेली. ती बनवणारी कंपनी ती बनवल्याचं केव्हाच विसरून गेलीय. सकाळी सुरू करताना ही गाडी आधी पंख झटकल्यासारखा आवाज करते, मग थोडा वेळ कुरकुरते आणि मग एकदम उडी मारून चालायला लागते. तिचं नाव कोंबडी. आत्या कोंबडीत बसली, की पाठ सीटला टेकवत नाही. ताठ बसते, हनुवटी वर, नजर समोर. याला कारण आहे, आणि ते कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे.

आत्या ऑपरेटर होती. ज्या काळी फोन उचलला की आधी एक बाई "नंबर प्लीज" म्हणायची, त्या काळातली ती बाई. लांबलचक खोली, तिच्यात भिंतीला लागून लाकडी बोर्ड, बोर्डावर शेकडो भोकं आणि प्रत्येक भोकाच्या डोक्यावर करंगळीच्या नखाएवढा दिवा. कुणी फोन उचलला की त्याचा दिवा पेटायचा. आत्याने दोरी खुपसायची, बोलायचं, दुसरी दोरी खुपसायची, जोडून द्यायचं. या नखाएवढ्या दिव्यांवर काचेच्या टोप्या असायच्या. साध्या लोकांना पांढरी टोपी. अग्निशमन दलाला आणि इस्पितळाला लाल. परगावच्या फोनला नारिंगी. आणि बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एकच टोपी जांभळी. ती सुपरवायझरबाईंची. जांभळा दिवा पेटला म्हणजे बाई आपल्या लाईनवर कान लावून बसल्या. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या पाठी ताठ व्हायच्या, सगळे आवाज मध होऊन जायचे, आणि जिच्या तोंडात गोळी असेल ती गोळी गिळून टाकायची.

"एकदा मी लवंग गिळली होती," आत्या अभिमानाने सांगते. "अख्खी."

बाईंना नावं पाठ नसत. त्या मुलींना खुर्चीच्या नंबरावरून हाक मारत. आत्या सात नंबर. बाईंनी तिला आयुष्यात एकदाही दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही, आणि एक्स्चेंज बंद पडून त्या जागी कपड्यांचं दुकान आल्यावरही त्यात बदल झालेला नाही. आता बाई नव्वदीच्या घरात आहेत आणि गावाबाहेरच्या टेकडीवर वृद्धाश्रमात राहतात. मागेपुढे कुणी नाही. दर बुधवारी आत्या कोंबडी काढते आणि बाईंना भेटायला जाते. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते, पुढे उभा चढ, आणि आत्याचे गुडघे कोंबडीच्याच साच्यातले.

आता आत्याच्या कानांबद्दल. डॉक्टरांनी तिला कानात घालायचं मशीन दिलं. ते तिने घरी आणलं, डबीतून काढलं, निरखलं, परत डबीत ठेवलं आणि डबी कपाटात टाकली.

"उभा जन्म कानात यंत्र घालून बसले," ती म्हणाली. "पगार मिळत होता म्हणून घातलं. आता फुकट घालू?"

तर या न घातलेल्या मशीनपायी एक दिवस बेकरीची व्हॅन कोंबडीला घासून गेली. झालं असं: आत्या एका गल्लीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागली. वळण संपल्यावर इंडिकेटरची काडी आपली आपण परत यायची, तो भाग कोंबडीत केव्हाच झिजलाय, त्यामुळे काडी हाताने मागे आणावी लागते. चालू राहिली तर टिक-टिक वाजत राहते. ती आत्याला ऐकू येत नाही. डॅशबोर्डवर हिरवा ठिपका लुकलुकतो. तो मुळातच फिकट आणि त्यावर समोरचं ऊन, त्यामुळे तो कुणालाच दिसत नाही. आत्या डावा इंडिकेटर मिरवत सरळ चालली होती. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरीची व्हॅन उभी होती. ड्रायव्हरला वाटलं, बाई गल्लीत शिरतायत. त्याने व्हॅन पुढे काढली. कोंबडीचं मडगार्ड चेपलं, व्हॅनचा दिवा फुटला आणि आतल्या ट्रेमधले केक एकमेकांच्या गळ्यात पडले. माणसांना खरचटलंही नाही.

पण दादाच्या घरात जणू कुणी दावाच दाखल केला होता.

आत्या जवळच स्वतःच्या घरी राहते, पण तिलाही तिथं बोलावून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा बैठक भरलेली होती. दादा उभा, वहिनी दाराशी, आत्या खुर्चीत.

"आई, किल्ली दे."

"कसली?"

"गाडीची."

"तुला कुठं जायचंय?"

"मला नाही जायचं. तू जाऊ नयेस म्हणून मागतोय."

"मग मागू नकोस," आत्या म्हणाली. "मला जायचंच आहे."

"आई, आज केक होते. उद्या माणूस असेल."

यावर आत्याने मान डोलावली. मग म्हणाली, "मी चुकले. ड्रायव्हरला तिथंच सांगितलं, माझी चूक. त्याचा दिवा मी बसवून देणार आहे. चूक झाली तर दुरुस्ती करायची असते रे. तू एकदम जप्ती काय आणतोस?"

"मशीन घाल कानात. तीच दुरुस्ती."

"नाही घालणार."

"मी नेईन ना तुला बाईंकडे."

"कधी?"

"वेळ मिळेल तेव्हा."

"बाईंकडे तेवढा वेळ नाही," आत्या म्हणाली.

मी बिस्कीट चहात बुडवून तटस्थ राहिलो होतो. बिस्कीट तुटून तळाला गेलं. तटस्थ माणसांचं असंच होतं. दोघांनीही माझ्याकडे वळून "तू सांग!" म्हटलं, आणि मी तळाचं बिस्कीट चमच्याने काढण्यात स्वतःला गुंतवून घेतलं.

तेवढ्यात आत्याची नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली. तिथं एक नवी कोरी पितळी खुंटी बसवलेली होती. खाली भिंतीचा चुरासुद्धा अजून झाडलेला नव्हता.

"ही काय?"

दादा गडबडला. "काही नाही... किल्ली इथं टांगायची, म्हणजे सगळ्यांना दिसेल..."

किल्ली मागितली हे एक वेळ ठीक. पण तिने ती द्यायच्या आधीच दादाने खुंटी ठोकून ठेवली! अंगाचं माप घेण्याआधी कापड फाडावं, तसं झालं. आत्या उठली. खुंटीपाशी गेली. बोटाने तिला हलवून पाहिलं.

"पक्की बसवलीस," ती म्हणाली. "ऐक. रविवारी सकाळी तू माझ्याबरोबर गाडीत बसायचं. माझ्या घरापासून टेकडीपर्यंत आणि परत. वळून झाल्यावर माझा इंडिकेटर एकदा, एकदा जरी चालू राहिला, तर मी स्वतःच्या हाताने किल्ली या खुंटीला लावीन आणि पुन्हा नाव काढणार नाही. नाही राहिला, तर पुन्हा तू नाव काढायचं नाही."

"मशीन न घालता?"

"मशीन न घालता."

"कबूल," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद नव्हता. आपल्याच आईचा दावा फेटाळावा लागणार, असा तो चेहरा होता.

बाहेर येताच आत्याने माझा दंड धरला. "तुला स्क्रू फिरवता येतात?"

"येतात."

"टॉर्च धरता येतो?"

"येतो."

"तोंड बंद ठेवता येतं?"

मी विचार करायला लागलो. ती म्हणाली, "दोन येतात, पुष्कळ झालं."

तिची योजना साधी होती. ऐकू येत नाही ना? मग दिसलं पाहिजे. हिरवा दिसत नाही ना? मग असा रंग लावायचा, जो तिने जन्मात कधी नजरेतून सुटू दिलेला नाही. मोटारींच्या सामानाच्या दुकानात ती गेली आणि जुन्या बल्बच्याच खाचेत बसणारा एलईडी मागितला. दुकानदाराने लाल, निळा, पांढरा पुढे केला.

"जांभळा."

"मावशी, जांभळा कशाला? पोरंटोरं लावतात तो."

"मग द्या. माझ्या मानाने तुम्ही सगळी पोरंच."

शनिवारी दुपारी तिच्या अंगणात आम्ही कोंबडी उघडली. बॅटरीची तार आत्याने आधी सोडली, "वीज आणि सून, दोन्हींना विचारल्याशिवाय हात लावू नये" असं म्हणत. मग मी स्क्रू काढले. मीटरची अख्खी पाटी पुढे ओढली, मागची वेगमापकाची केबल पिळून सुटी केली. मी टॉर्च धरला. आत्याने पाटीमागे हात घातला, इंडिकेटरचा बल्ब पाव फेरा फिरवून बाहेर काढला आणि मला दाखवला. वयाने काळवंडलेला, बिचारा. त्या जागी नवा जांभळा एलईडी बसला. बॅटरीची तार जोडली. भांडण झालं होतं डाव्या इंडिकेटरवरून, म्हणून आत्याने काडी डावीकडे ओढली.

टिक-टिक सुरू झाली. डॅशबोर्डवर अंधार.

"बिघडलेला दिला त्याने," मी म्हणालो.

"गप्प बस. टोपी बघ की."

पाटीवर इंडिकेटरच्या जागी हिरव्या प्लॅस्टिकचा बाण होता. त्याच्यामागे जांभळा उजेड लावला, तर हिरवा बाण त्याला बाहेर येऊच देणार नाही. "आम्ही एक्स्चेंजमध्ये बल्ब नाही, टोपी बदलायचो," असं म्हणत तिने केसातला आकडा काढला आणि तो हिरवा बाण अलगद उचकटून घेतला. त्या जागी साध्या पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला. पुन्हा काडी डावीकडे.

आणि काय सांगू! भर उन्हात, डॅशबोर्डच्या मधोमध, एक जांभळा डोळा उघडझाप करायला लागला. असा जांभळा, की शेजारच्या मांजराने कुंपणावरून उडी मारली. आत्याची पाठ सीटपासून सुटली, हनुवटी वर गेली, आणि तिने मला दिसेल असं काहीतरी गिळलं.

"बाई आल्या," ती म्हणाली.

आम्ही कोंबडी बंद केली. एक स्क्रू उरला. तो आत्याने माझ्या खिशात टाकला आणि म्हणाली, "हा जास्तीचाच होता."

आता इथंच एक चूक झाली. पण आत्याच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही केली असती. जिने आयुष्य साध्या बल्बांत घालवलं तिला विचारा: दिवा म्हणजे काय? तार जोडली की पेटतो, सोडली की विझतो. डावा इंडिकेटर पेटला म्हणजे दिवा चांगला आहे. उजवा पुन्हा लावून बघायचा कशाला? दिव्याला कुठं दिशा असते?

रविवारी सकाळी वहिनीला घेऊन दादा आत्याकडे आला. मागच्या सीटवर मधोमध बसला, म्हणजे दोन्ही बाजू तपासता येतील. पट्टा बांधला, तो दोनदा ओढून पाहिला. मी पुढे बसलो. वहिनी फाटकाशी उभी होती. ती कुणाच्या बाजूची हे तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही, मात्र तिने आत्याच्या काचेपाशी वाकून "आई, सावकाश" म्हटलं तेव्हा आत्याला ते अजिबात ओरडावं न लागता ऐकू आलं.

कोंबडीने पंख झटकले आणि आम्ही निघालो.

टेकडीचा रस्ता तसा सोपा. सरळ जायचं, पहिल्या चौकात उजवीकडे. आत्याने ऐटीत काडी उजवीकडे केली.

टिक-टिक सुरू झाली. डॅशबोर्डवर अंधार.

मी पाटीकडे पाहिलं. आत्याने पाटीकडे पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि मला आठवलं की तोंड बंद ठेवायचं काम माझ्याकडे दिलेलंच नाही, तरी ते मी केलं. आत्याने काडी मधे आणली, पुन्हा उजवीकडे केली. अंधार. तिच्या कपाळावर एक शीर उभी राहिली. उजवीकडे वळलं आणि काडी मागे आणायची राहिली, तर तिला कळणार नव्हतं. ना कानांनी, ना डोळ्यांनी. आणि किल्ली खुंटीवर.

आत्याने काडी मधे आणली आणि चौक सरळ ओलांडला.

"आई, उजवीकडे होतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मला डावीकडे काम आहे."

पुढच्या कोपऱ्यावर ती डावीकडे वळली. जांभळा डोळा लखलखला. वळण संपताच तिने काडी मागे आणली, डोळा मिटला. पुढे पुन्हा डावीकडे. पुन्हा डोळा, पुन्हा मिटला. तिथं एक लाँड्री होती, दारात एक माणूस शर्ट टांगत होता. त्याच्या समोरून जाऊन आम्ही पुन्हा डावीकडे वळलो आणि काय आश्चर्य, त्याच चौकात आलो! फक्त आता आडवे होतो. समोर टेकडीचा रस्ता सरळ पसरलेला. आत्याने तो चौक अशा थाटात ओलांडला, की जणू सरकारने हाच मार्ग आखून दिलाय.

"आई," दादा सावकाश म्हणाला, "आपण उजवीकडे वळायला तीनदा डावीकडे वळलो."

"पोचलो ना?"

"पण का?"

"परीक्षा इंडिकेटरची आहे. रस्ता माझा."

दवाखान्यापाशी पुन्हा उजवं वळण होतं. पुन्हा आम्ही पुढे गेलो आणि डावीकडे, डावीकडे, डावीकडे असा दवाखान्याभोवतीच्या गल्ल्यांना वळसा घातला. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका बाकावर दोन नर्स डबा खात बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने आम्हाला हात केला. आत्यानेही केला. मागून दादाचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं तो चिडलाय. आरशात पाहिलं, तर तो ओठ दातांत धरून बसला होता. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हसू दाबायचा सराव फार असतो.

पण टेकडीवर गल्ल्या नसतात. तिथं एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला भिंत आणि वृद्धाश्रमाचं फाटक. तेही उजवीकडे. इथं वळसा घालायचा तर आकाशातून घालावा लागला असता. समोरून एक टेम्पो उतरत येत होता. मागे एक मोटारसायकल होती.

"आता?" दादा म्हणाला. हसू नव्हतं आता आवाजात. "आई, आता काय?"

आत्याने वेग कमी केला. काडी उजवीकडे केली, मागच्याला दिवा दिसावा म्हणून. अंधार. मग तिने खिडकीची काच हँडल गरागरा फिरवून खाली घेतली आणि उजवा हात खांद्यापासून बाहेर काढला. सरळ, आडवा, पाचही बोटं जोडलेली. गाडी शिकताना असाच हात काढायला शिकवलं होतं तिला, इंडिकेटर जेव्हा श्रीमंतांच्या गाड्यांनाच असायचे. मागची मोटारसायकल थांबली. टेम्पो पुढे निघून गेला. कोंबडी सावकाश उजवीकडे वळली, फाटकातून आत शिरली. हात अजून बाहेर. गाडी थांबली, तसा तिने हात आत घेतला आणि त्याच हाताने काडी मधे आणली.

"हात बाहेर राहिला की मला कळतं," ती म्हणाली. "गार लागतं."

व्हरांड्यात खुर्चीवर बाई बसल्या होत्या. ताठ. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सात नंबर," बाई म्हणाल्या, "उशीर."

"हो बाई. डावीकडून आले."

"आज बुधवार नाही."

"नाही बाई. आज परीक्षा आहे." आणि आत्याने त्यांना सगळं सांगितलं. व्हॅन, खुंटी, दिवा. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रंग कोणता लावलास?"

"जांभळा."

बाईंनी नजर कोंबडीकडे वळवली. मग म्हणाल्या, "एवढ्या घाबरायचात मला?"

"घाबरायचो म्हणजे? काल तुमचा दिवा लागला, तर तोंडात काही नसताना मी गिळलं."

बाई हसल्या. ते हसू मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि आत्यानेही बहुधा. मग बाई दादाकडे वळल्या. "तुम्ही मुलगा का? किल्ली काढून घेणारे?"

दादा म्हणाला, "बाई, मला काळजी वाटते हो."

"वाटू द्या," बाई म्हणाल्या. "काळजी घरी बसून करता येते. इकडे यायला गाडी लागते."



परतताना गंमत झाली. जाताना जे जे उजवीकडे होतं, ते ते येताना डावीकडे आलं. फाटकातून बाहेर: डावीकडे. दवाखाना: डावीकडे. चौक: डावीकडे. प्रत्येक वळणावर तो जांभळा डोळा उघडला, आणि प्रत्येक वळणानंतर आत्याच्या बोटाने तो मिटवला. दादा पुढे वाकून माझ्या खांद्यावरून बघत होता. शेवटच्या वळणाला त्याने डोळा उघडताच नकळत स्वतःची पाठ ताठ केली. मी पाहिलं.

घरासमोर गाडी थांबली. कुणी उतरेना.

"जाताना काय झालं होतं?" दादाने विचारलं.

आत्याला काहीतरी थाप मारता आली असती. तिने मारली नाही. आरशात त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "उजवीकडे पेटत नाही. पहिल्याच चौकात कळलं."

"मग तिथंच थांबली का नाहीस?"

"थांबले असते, तर तू किल्ली घेतली असतीस."

"घेतली असती."

"म्हणून नाही थांबले. पण जिथं दिसत नव्हतं, तिथं वळलेही नाही. आणि जिथं वळावंच लागलं, तिथं हात काढला. तू डोळ्यांनी बघितलंस. आता सांग, एकदा तरी चालू राहिला?"

दादाने पुष्कळ वेळ घेतला. दावा नामंजूर करायची सवय असलेल्या माणसाला मंजूर करताना हात जड होतो.

"नाही राहिला," तो म्हणाला. मग लगेच, "पण उजवीकडचं दुरुस्त होईपर्यंत..."

"होईपर्यंत डावीकडे," आत्या म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकून पर्सचा चाप असा वाजवला, की तो मात्र सगळ्यांना ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने पाटीमागे डोकावून पाहिलं आणि हसला. या जुन्या गाडीत म्हणे दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा असतो. डावीकडे वळताना त्यातून वीज एका बाजूने जाते, उजवीकडे वळताना उलट्या बाजूने. साध्या बल्बला दोन्ही सारखंच. पण एलईडी म्हणजे एकमार्गी रस्ता. एका बाजूने वीज आली तर पेटतो, दुसऱ्या बाजूने आली तर दार लावून घेतो.

"म्हणजे हा पण निवडक ऐकतो," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ऐकू आली.

"मग दोन लावा," ती वायरिंगवाल्याला म्हणाली. "एक सुलटा, एक उलटा. आणि दोन रंगांचे."

"एकाच रंगाचे लावू की, मावशी."

"का? दोन माणसं, दोन टोप्या."

तर आता कोंबडी डावीकडे वळते तेव्हा बाई येतात, आणि उजवीकडे वळते तेव्हा नारिंगी, परगावचा फोन. डावा की उजवा हेसुद्धा आत्याला नजर न हलवता कळतं, जे तुमच्या-माझ्या नव्या गाडीत कळत नाही. वायरिंगवाल्याने दिव्यांसाठी पैसे घेतले, पण कल्पना मात्र फुकट नेली. कानाचं मशीन अजून डबीत आहे. दादाने त्याचं नाव काढलं की आत्याला ऐकू येत नाही.

आणि ती खुंटी. दादा ती काढणार होता. स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलाही होता. वहिनी म्हणाली, "राहू द्या." त्या बुधवारी आत्या टेकडीवरून येताना त्यांच्याकडे थांबली. पर्समधून तो हिरव्या प्लॅस्टिकचा बाण काढला. त्याला तिने गरम सुईने भोक पाडलं होतं आणि शिवणाचा दोरा ओवला होता. तो तिने खुंटीला लावला आणि दोन पावलं मागे जाऊन सरळ टांगलाय का ते पाहिलं.

"घे," ती दादाला म्हणाली. "एवढी पक्की ठोकलीस, रिकामी कशाला ठेवायची?"